परदेशस्थ नागरिकास राज्याचा सल्ला : रंगून १९४१ ते कीव्ह २०२२

परराष्ट्रव्यवहाराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष तह, परिषदा, दूतमंडळे आणि राष्ट्रप्रमुखांच्या भेटी यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु परराष्ट्रखात्यातून बाहेर पडणाऱ्या कागदपत्रांत एक प्रकार असा आहे की त्याची दखल इतिहासकाराने सहसा घेतलेली नाही. 'अमुक देशाचा प्रवास टाळावा', 'वकिलातीत आपले नाव नोंदवावे', 'अमुक शहर तत्काळ सोडावे', अशा स्वरूपाच्या त्या सूचना होत. त्या कायदा नव्हेत, कारण त्या मोडणारास शिक्षा नाही. त्या आज्ञाही नव्हेत, कारण परभूमीवर आपल्या राज्याची आज्ञा चालत नाही. त्यांस सल्ला एवढेच नाव शोभते. तथापि सहस्रावधी माणसांचे प्राण अशा चार ओळींवर अवलंबून राहिल्याचे प्रसंग गेल्या ऐंशी वर्षांत वारंवार आले आहेत.

या सल्ल्याचे एक वैशिष्ट्य आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. त्यास नेहमी दोन श्रोते असतात. पहिला श्रोता परदेशी राहणारा नागरिक. त्याच्या हितासाठी सल्ला स्पष्ट, वेळेवर आणि निःसंदिग्ध असावा लागतो. दुसरा श्रोता म्हणजे तो देश, जेथे हा नागरिक राहतो, आणि त्या देशाचे मित्र व शत्रू. 'येथून निघा' असे आपल्या माणसांस जाहीरपणे सांगणे म्हणजे त्या देशाच्या स्थैर्यावर अविश्वास प्रकट करणे होय. पहिल्या श्रोत्यासाठी जे शब्द हवेत, ते दुसऱ्या श्रोत्यासमोर उच्चारणे गैरसोयीचे असते. ह्या ताणातून सल्ल्याची भाषा घडते, आणि पुष्कळदा ती बिघडतेही. प्रस्तुत लेखात हा ताण हिंदी राज्यव्यवहाराच्या तीन प्रसंगांवरून तपासावयाचा आहे.

१

परदेशी गेलेल्या हिंदी माणसाविषयी आपल्या सरकारचे काही कर्तव्य आहे, ही कल्पना मुळात सरकारच्या दफ्तरात जन्मली नाही. ती लोकमताने सरकारवर लादली. १८३४ पासून मॉरिशस व नंतर इतर वसाहतींकडे करारबद्ध मजूर जात होते. त्यासंबंधीचे कायदे मुख्यतः भरती आणि जहाजावरील व्यवस्था यांपुरते होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळकडे जाणारी करारबद्ध मजुरांची भरती बंद करावी असा ठराव मांडला आणि तो संमत झाला. १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. ही सारी पद्धतीच रद्द करावी असा त्यांचा मार्च १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. अधिकारपद नसलेला एक लोकप्रतिनिधी परदेशस्थ देशबांधवांची विचारपूस करण्यास जातो, ही घटनाच त्या काळी सरकारची जागा किती रिकामी होती हे सांगते.

१९२२ च्या स्थलांतरविषयक कायद्याने ही जागा अंशतः भरली. अकुशल मजुरांचे स्थलांतर सरकारने निर्दिष्ट केलेल्या देशांपुरतेच मर्यादित झाले आणि त्या त्या ठिकाणी हिंदुस्थान सरकारचे एजंट नेमण्याची तरतूद झाली. सिलोन व मलाया येथे असे एजंट गेले. १९२७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पहिले एजंट म्हणून श्रीनिवास शास्त्री यांची नेमणूक झाली. एजंट हा वकील नव्हे. त्यास स्वतंत्र राज्याच्या दूताचे अधिकार नव्हते. तो पाहू शकत होता, कळवू शकत होता आणि विनंती करू शकत होता.

१९४१ मध्ये शिक्षण, आरोग्य व जमीन या खात्याकडील हा विषय वेगळा काढून परदेशस्थ हिंदी लोकांचे स्वतंत्र खाते स्थापण्यात आले. व्हाइसरॉयच्या विस्तारित कार्यकारी मंडळात त्याचा कारभार माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे यांच्याकडे आला. त्यांच्यानंतर १९४३ मध्ये नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे त्या पदावर आले. १९४४ मध्ये खात्याचे नाव बदलून राष्ट्रकुल संबंध खाते असे झाले. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हेच खाते परराष्ट्रखात्यात विलीन झाले. आजच्या परराष्ट्रमंत्रालयाच्या दोन प्रवाहांपैकी एक प्रवाह असा लागोपाठ दोन मराठी गृहस्थांच्या हाताखालून आला आहे. मराठी चरित्रलेखनात अणे यांचा १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह, त्यांची टिळकनिष्ठा आणि काँग्रेसशी झालेले त्यांचे मतभेद यांचा विचार होतो. परंतु त्यांच्या कारकीर्दीत, त्यांच्याच खात्याच्या कक्षेत, आधुनिक इतिहासातील एक अत्यंत मोठे हिंदी निर्गमन घडले, याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. ते निर्गमन म्हणजे ब्रह्मदेशातील होय.

२

१९३१ च्या खानेसुमारीनुसार ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक होते आणि रंगून शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण निम्म्याहून जास्त होते. गोदीतील हमाल, भातगिरण्यांतील मजूर, रेल्वे व टपालखात्यातील नोकर, सफाई कामगार, व्यापारी आणि चेट्टियार सावकार असे त्यांचे नाना वर्ग होते. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. ज्यांनी स्वदेशाच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात स्थलांतर केले होते, ते त्या दिवशी जागचे न हलता परदेशस्थ झाले. जुलै १९३८ मध्ये रंगूनमध्ये हिंदीविरोधी दंगली झाल्या. १९४१ च्या मध्यास गिरिजाशंकर बाजपेयी यांनी स्थलांतरास बंधने घालणारा करार ब्रह्मदेश सरकारशी केला, तेव्हा त्यावर इकडे कडक टीका झाली.

२३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर पहिला बाँबवर्षाव केला. गोदीतील मजुरांनी हजारोंच्या संख्येने शहर सोडले आणि ते प्रोमच्या रस्त्याला लागले. ब्रह्मदेश सरकारपुढील अडचण उघड होती. हे मजूर गेले तर जहाजे रिकामी होणार नाहीत, युद्धसामग्री उतरणार नाही, शहराची स्वच्छता बंद पडेल. म्हणून त्यांस परत येण्याचा सल्ला देण्यात आला. संरक्षणाची व धान्याची आश्वासने देऊन वाटेतून अनेकांना माघारी वळवण्यात आले. धडधाकट पुरुषांना बोटीवरील डेकचे तिकीट मिळू नये अशीही व्यवस्था झाली. वरच्या वर्गाचे भाडे परवडणारास ही अडचण नव्हती. डेकचे तिकीट काढणारा कोण, हे त्या काळच्या कोणाही वाचकास सांगावे लागले नसते.

येथे सल्ल्याचे खरे स्वरूप उघडे पडते. 'राहा, येथे सुरक्षितता आहे' हे शब्द नागरिकास उद्देशून होते, परंतु त्यांचा हेतु नागरिकाचे रक्षण हा नव्हता. गोदी चालू राहावी हा होता. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले. त्यापूर्वी समुद्रमार्गे सुमारे सत्तर हजार माणसे निघू शकली. उरलेल्यांस पायवाटांखेरीज गत्यंतर राहिले नाही. एक वाट प्रोमहून आराकान योमा ओलांडून टाँगूपला आणि तेथून होड्यांनी अक्याब व चितगावला जात होती. तिच्यावर पाण्याचा दुष्काळ आणि पटकी यांनी थैमान घातले. दुसरी चिंदविन नदीकाठच्या कलेवाहून तमू व पालेलमार्गे इंफाळ आणि पुढे दिमापूरला जात होती. ८ मे रोजी मिचिना पडल्यावर विमानांचा आधारही तुटला आणि हुकाँग खोऱ्यातून पांगसाऊ खिंडीकडे जाणारी तिसरी वाट, भर पावसाळ्यात, चिखल आणि हिवतापातून तुडवावी लागली. एकंदर सुमारे चार ते पाच लाख माणसे हिंदुस्थानात पोहोचली असे मानले जाते. वाटेत मेलेल्यांची संख्या दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही अधिक सांगितली जाते. अंदाजांतील ही तफावतच बोलकी आहे. ज्यांची मोजदाद ठेवणे कोणाचे काम नव्हते, अशी ही माणसे होती. ह्यू टिंकर यांनी १९७५ साली या निर्गमनावर निबंध लिहिला, तोपर्यंत त्याचे साकल्याने वर्णन इतिहासलेखनात जवळजवळ नव्हतेच.

मणिपूरच्या वाटेवर युरोपीय व अँग्लो-इंडियन निर्वासितांसाठी वेगळी, अधिक सोयीची व्यवस्था आणि हिंदी निर्वासितांसाठी वेगळी, ही तक्रार हिंदुस्थानात पोहोचली तेव्हा लोकमत प्रक्षुब्ध झाले. एप्रिलच्या अखेरीस अलाहाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने या भेदभावाचा निषेध केला. 'छोडो भारत' ठरावाआधीच्या त्या महिन्यांत जनमानसात जी कटुता साठत होती, तिच्यात ब्रह्मदेशातून आलेल्या या माणसांच्या हकिकतींचा वाटा कमी लेखता येणार नाही. जे सरकार आपल्या प्रजेस पराभवाची खरी वार्ता सांगत नाही आणि पळण्याच्या वाटाही वर्णानुसार वाटते, त्याचा शब्द येथे तरी का मानावा, हा प्रश्न त्या हकिकतींतून आपोआप उभा राहत होता.

मग अणे यांच्या खात्याची जबाबदारी किती? त्यांच्यावर सरसकट दोषारोप करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ब्रह्मदेशाचे गव्हर्नर लंडनला जबाबदार होते, दिल्लीला नव्हेत. रंगूनमधील हिंदुस्थान सरकारच्या एजंटास जहाजे मागता येत होती, परंतु ती देणे त्याच्या हाती नव्हते. आसामकडील वाटा लष्करासही हव्या होत्या, आणि लष्करावर खात्याचा अधिकार नव्हता. उलट पक्षी, ज्या खात्यास साधने नव्हती त्याने आपल्या नावाने दिलेल्या आश्वासनांचा आधार घेऊन माणसे मागे वळू दिली, हेही नाकारता येत नाही. आमच्या मते या प्रसंगाचा निष्कर्ष असा की अधिकारावाचून दिलेला सल्ला हा देणाऱ्याची सदिच्छा दर्शवतो, परंतु तो ऐकणाराला फसवतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर अणे यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले. परदेशस्थ हिंदी लोकांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, ही गोष्ट त्यांचे मूल्यमापन करताना जमेस धरली पाहिजे.

३

यावर कोणी म्हणेल की हा सारा दोष पारतंत्र्याचा होता. स्वातंत्र्याबरोबर तो नाहीसा झाला. इतिहास इतका सरळ नाही. त्याच ब्रह्मदेशात २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली. १९६३ आणि १९६४ मध्ये उद्योग व दुकाने यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि मे १९६४ मध्ये मोठ्या चलनी नोटा रद्द झाल्या. लाखाच्या वर हिंदी माणसे पुन्हा एकदा, बहुतांशी रिक्तहस्ते, परतली. या वेळी दिल्लीत स्वतंत्र सरकार होते, रंगूनमध्ये पूर्ण अधिकाराची वकिलात होती आणि सप्टेंबर १९६४ मध्ये परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग स्वतः तेथे गेले होते. जहाजे मिळाली, वाटेवर मृत्यू आले नाहीत. परंतु मालमत्ता मिळाली नाही. परदेशी स्थायिक झालेल्यांनी त्या त्या देशाशी एकनिष्ठ राहावे, भारताकडे विशेष संरक्षणाची अपेक्षा धरू नये, असे पंडित नेहरूंच्या काळापासूनचे धोरण होते. तत्त्व म्हणून ते उदात्त होते आणि नवस्वतंत्र शेजाऱ्यांस आश्वासक वाटणारेही होते. म्हणजे येथेही दुसरा श्रोता पहिल्याहून वरचढ ठरला.

या संदर्भात पहिल्या श्रोत्याची बाजू न्यायालयांनी बळकट केली, हे नमूद करणे अवश्य आहे. १९६७ पूर्वी पारपत्र देणे न देणे ही शासनाची मर्जी मानली जात असे. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमनाचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. त्याच वर्षी पारपत्र अधिनियम आला. आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने तो हक्क अधिक विस्तृत केला. परदेशी जाणे हा हक्क ठरला की तेथील धोक्याची खरी माहिती मिळणे हाही त्या हक्काचाच अंश ठरू लागतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. केरळातील लोक बहुसंख्य असले तरी मुंबई, कोकण आणि गोवा येथील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ त्या पगारांवर चालत होता. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दाम हुसेन यांना भेटले. त्या भेटीतील आलिंगनाचे छायाचित्र जगभर टीकेचा विषय झाले. भारताने आक्रमणाविषयी धरलेला संयमही अनेकांस खटकला. इराकने कुवेतमधील वकिलाती बंद करण्यास सांगितल्यावर भारताने आपली वकिलात बसऱ्यास हलवली. परंतु याच संयमाच्या बळावर कुवेत–बगदाद–अम्मान ही सहस्राधिक किलोमीटरांची वाट भारतीयांस मोकळी राहिली आणि एअर इंडियाच्या ४८८ उड्डाणांनी एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी, मुख्यतः मुंबईस, आणली. रंगूनच्या उलट येथे दुसऱ्या श्रोत्याशी बोललेले गोड शब्द पहिल्या श्रोत्याच्या कामी आले. त्याची किंमत राष्ट्राच्या नैतिक प्रतिष्ठेने चुकवली असे म्हणणारांचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. तथापि अम्मानच्या तळावर विमानाची वाट पाहत बसलेल्या कामगाराने तो हिशेब कसा मांडला असता, याचाही विचार इतिहासकाराने करावा.

४

सल्ला कोणास आणि केव्हा द्यावा, यासंबंधी जगास एक महत्त्वाचा धडा १९८८ मध्ये मिळाला. ५ डिसेंबर १९८८ रोजी हेलसिंकी येथील अमेरिकन वकिलातीस पॅन अॅम कंपनीच्या विमानावर बाँब ठेवला जाण्याची निनावी धमकी मिळाली. ही सूचना मॉस्कोतील वकिलातीच्या फलकावर कर्मचाऱ्यांसाठी लावण्यात आली. सामान्य प्रवाशांस ती कळली नाही. २१ डिसेंबरला लॉकरबीवर विमान फुटले आणि २७० माणसे मृत्युमुखी पडली. ती निनावी धमकी पुढे लबाडीची ठरली, तरी प्रश्न उरलाच : जे अधिकाऱ्यास सांगितले ते नागरिकास का सांगितले नाही? यातून अमेरिकेत दुहेरी माप न ठेवण्याचे धोरण १९९० च्या सुमारास निश्चित झाले. वकिलातीतील कर्मचाऱ्यांस जी सावधगिरी सांगितली जाईल, ती सर्व नागरिकांस सांगितली पाहिजे, हे त्याचे सार. १९४२ च्या फेब्रुवारीत रंगूनमध्ये कोणाचे सामान आधी बांधले गेले, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या नियमाचे मोल वेगळे समजावण्याची गरज नाही.

२०२२ मधील युक्रेनचा प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे, कारण सल्ल्याच्या शब्दांची चढती श्रेणी तेथे दिवसागणिक पाहता येते. जानेवारीच्या अखेरीस कीव्हमधील भारतीय वकिलातीने नागरिकांस नावे नोंदवण्यास सांगितले. १५ फेब्रुवारीस, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते परतण्याचा विचार करावा, असे कळवले. २० फेब्रुवारीस 'विचार करावा' हा प्रयोग गेला आणि परतण्याचा स्पष्ट सल्ला आला. २२ तारखेस विद्यापीठांच्या ऑनलाइन वर्गांविषयीच्या उत्तराची वाट न पाहता निघावे असे सांगितले गेले. २४ तारखेस युद्ध सुरू झाले आणि आकाशमार्ग बंद पडला. १ मार्चला कीव्ह आणि २ मार्चला खारकीव्ह तत्काळ सोडण्याची सूचना निघाली. खारकीव्हबाबत तर जवळच्या तीन वस्त्यांची नावे देऊन संध्याकाळी सहापर्यंत तेथे, वाहन न मिळाल्यास पायी, पोहोचण्यास सांगितले होते.

यात उशीर झाला काय? वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी हजेरीच्या आणि शुल्काच्या चिंतेने थांबले होते. संदिग्ध शब्दावर वर्ष बुडवण्यास ते तयार नव्हते. दुसऱ्या बाजूस, रशियाशी जुने संबंध असलेल्या राज्यास आक्रमण होणारच असे आधीच जाहीर करणे परवडणारे नव्हते. पुढे सुरक्षा परिषदेत भारत तटस्थ राहिला, आणि ८ मार्चला सूमी शहरातील विद्यार्थी बाहेर काढताना दोन्ही युद्धमान पक्षांशी बोलता आले, ते याच धोरणामुळे. २६ फेब्रुवारीस बुखारेस्टहून पहिले विमान मुंबईत उतरले आणि सुमारे साडेबावीस हजार नागरिक परत आले. तथापि खारकीव्हमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याचा १ मार्चला मृत्यू झाला. शेवटी आलेले शब्द आठ दिवस आधी आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न यशाच्या आकड्यांनी पुसला जात नाही.

५

तिन्ही प्रसंगांची तुलना केली असता सल्ल्याच्या मूल्यमापनाच्या तीन कसोट्या हाती लागतात. सल्ला देणारे सरकार त्या नागरिकास उत्तरदायी आहे काय? सल्ला पाळण्याची साधने सल्ल्याबरोबर दिली आहेत काय? आणि सरकारने स्वतःच्या माणसांस जे सांगितले तेच सर्वांस सांगितले काय? १९४१ चे रंगून तिन्ही कसोट्यांस उतरत नाही. १९६४ मध्ये पहिली पुरी झाली, दुसरी अर्धवट राहिली. १९९० आणि २०२२ मध्ये साधने विपुल होती. २०२२ मध्ये शब्द मात्र साधनांच्या मागून आले. उत्तरदायित्व ही आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही.

आपल्या विद्यार्थ्यांपुढे येथे कामाचे मोठे क्षेत्र पडून आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी, १९९० मध्ये कुवेतहून परतलेल्या कोकणी व गोमंतकीय कामगारांची पत्रे आणि २०२२ मध्ये परतलेल्या महाराष्ट्रीय विद्यार्थ्यांची निवेदने एकत्र आणून ती सरकारी सूचनांच्या तारखांशी पडताळून पाहिली पाहिजेत. सूचना निघाली केव्हा, हे दफ्तर सांगते. ती पोहोचली केव्हा आणि तिच्यावर विश्वास का बसला वा का बसला नाही, हे ती ऐकणाराच सांगू शकतो. अशा साक्षींपैकी सर्वांत जुन्या साक्षी आता झपाट्याने नाहीशा होत आहेत. प्रोमच्या रस्त्यावरून ज्यांस आश्वासन देऊन मागे वळवले, त्यांनी ते आश्वासन ऐकताना काय विचार केला, हे आपण कोणी लिहून घेतले नाही. पुढील प्रसंगांच्या बाबतीत तरी ती चूक पुन्हा होऊ नये.